ट्रुल्सचं पथ्य

आमच्या वेरॉय बेटावर सप्टेंबर उजाडला की कुणी कुणाची तब्येत विचारत बसत नाही, सरळ चमचाभर कॉडलिव्हर ऑईल घशात ओततात. सर्दी असो, गुडघे असोत, नाहीतर प्रेमभंग! एप्रिल संपेपर्यंत सुटका नाही. माझ्या सासूबाई, गुडनी, म्हणजे तर या खात्याच्या मंत्रीच.

आणि आमचा कुत्रा ट्रुल्स अस्सल इथल्या जातीचा, कड्यावरच्या बिळांतून पफिन पक्षी ओढून काढणाऱ्यांच्या खानदानातला. पायाला सहा-सहा बोटं. बोटं देताना देवाने सढळ हात ठेवला, आतडं देताना मात्र आखडला.

गेल्या हिवाळ्यात तो वाळायला लागला. पाठीचा कणा वर आला, पोट पाण्याने टम्म फुगलं आणि सतरंजीची तर पार वाट लागली. बोटीने आलेल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "हा आजार या जातीच्या रक्तातच आहे. चरबीचा थेंबही नको, नुसता उकडलेला मासा द्या. नाहीतर हा उन्हाळा बघायचा नाही."

माझा नवरा आइलिफ माशाची कातडीसुद्धा सोलून द्यायला लागला. तरी ट्रुल्स खंगतच चाललेला. माझा जीव नुसता तुटत होता. एका सकाळी तो कुशीत शिरला, माझं तोंड चाटलं, आणि तो वास आला!

तशीच तरातरा शेजारी सासूबाईंकडे गेले. ट्रुल्सही मागोमाग आला.

"आई, याला तेल पाजता तुम्ही?"

"मग? तू पोराला उपाशी मारतेस, मी बघत बसू? रोज दोन चमचे देते. तुझ्या नकळत."

"अहो, तेल म्हणजे चरबीच ना!"

"काहीतरीच! ते का तेल आहे? ते औषध आहे."

हसावं की रडावं, कळेना. डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं मी परत सांगितलं.

"याच्या आधीचे तिन्ही कुत्रेही असेच गेले गं," सासूबाई म्हणाल्या. "त्यांनाही मीच पाजत होते. शेवटपर्यंत."

"आजार त्यांच्या रक्तातच होता, आई. तुम्ही थोडाच दिलात?"

त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

ट्रुल्स त्यांच्या पायाशी जाऊन, सवयीने तोंड वर करून बसला. त्यांचा हात बाटलीकडे गेलाच, आणि मध्येच थबकला. मग त्यांनी बाटली उचलून माझ्या हातात कोंबली.

"घेऊन जा ही," त्या म्हणाल्या. "तो असा बघायला लागला ना, की माझ्याच्यानं त्याला नाही म्हणवत नाही."