खुशालच्या नावावर

जागेश्वरच्या हातून चूक काय झाली, तर एक थापड. १९७५ साली लाखनीच्या कबड्डी सामन्यात पंचानं त्याला बाद दिलं आणि यानं भर मैदानात पंचाच्या कानाखाली वाजवली. मंडळानं तीन वर्षांची खेळबंदी ठोकली. बरोबरच केलं म्हणा. पण आपली माणसं शिक्षा सरळ भोगतील तर ना!

अड्याळच्या संघाचे कर्तेधर्ते पुंडलिकराव म्हणाले, "नाव खुशालचं लिहू. दम तं तुहाच हाये न?" खुशाल म्हणजे शेजारचा जिवलग. त्यानं हसत हसत आपला शाळेचा दाखला काढून दिला. जागेश्वर खुशाल होऊन तुमसरला खेळला, आणि असा खेळला की एका मँगनीज खाणीच्या मधुकरराव साहेबांनी मैदानावरच नोकरी देऊ केली. खाणीच्या संघात खेळायचं, एरवी पाळीवर काम. नोकरी अर्थातच खुशालला. घरी विधवा म्हातारी, धुरपता. नाही कसं म्हणणार? गेला बिचारा, आगीतून फुफाट्यात.

बंदी तीन वर्षांत उठली. अंगावर चढलेलं नाव काही उतरेना.

मग खुशालची आई, ललिताबाई, वारली. गावच्याच एका ट्रकवाल्यानं बातमी खाणीच्या ऑफिसात पोचवली आणि साहेबांनी याला आठ दिवसांची रजा दिली. आई गेलेला माणूस केसांसकट परत कसा येणार? यानं न्हाव्यापुढे मान वाकवली. धुरपता त्या डोक्याकडे पाहतच राहिली. "मी जिती आहो न रे अजून. डोकं काहून भादरलं?"

वर्ष उलटलं नाही तोच एका सकाळी तार आली. खुशालनंच केली होती, खुशालच्याच नावावर. धुरपताबाई गेली, लवकर ये.

फाटकाबाहेर पडायला पास लागे आणि पासाला कारण. विनापास गेलं की चौकशी, चौकशीत तो दाखला निघणार, आणि दाखल्यापायी खुशालही तुरुंगात जाणार. त्याच्या दोन्ही पोरी अजून लहान होत्या. जागेश्वर अर्ज घेऊन साहेबांपुढे उभा राहिला. त्याला ना भाऊ, ना बहीण. म्हातारीला अग्नी द्यायला हा एकटाच, आणि दुपारची मोटार मिळाली तरच पोचणार.

मधुकरराव माणूस वाईट नव्हता. त्यांनी फाइल उघडली. "आई तर तुझी मागच्या साली गेली. ही धुरपताबाई कोण?"

खरं सांगून टाकावं, होईल ते होवो, असं फार वाटलं त्याला. अगदी ओठांपर्यंत आलं.

"शेजारीण होती जी," तो म्हणाला.

"शेजारणीसाठी पास देता येत नाही रे. उद्या कोणी मामेसासूसाठी मागेल." त्याचे डोळे पाहून साहेब जरा नरमले. "एवढं मनाला लावून घेऊ नकोस. अग्नी द्यायला तिचा मुलगा असेल ना?"

"हाये न जी," जागेश्वर म्हणाला. "एकच हाये."

"मग झालं तर." साहेबांनी अर्ज परत केला आणि जागेश्वर पाळीवर गेला.