डबीतला आवाज

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. पुजा आणि तिचा कॉलेजातला मित्र साजीद यांनी हातात मावणारी ती खेळाची डबी बनवली, तेव्हा आखाडा बाळापुरात तिला कुत्रं विचारत नव्हतं. आता पुण्यात पोरं तिच्यासाठी नंबर लावून बसली होती. एवढं यश आल्यावर माणसानं गुमान पेढे वाटावेत. पण पुजाला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. साजीदच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ती डब्यातले स्क्रू ओतत होती आणि परत भरत होती.

डबीच्या पडद्यावर खेळ एकच. पाठीवर गोण्या लादलेला बैल घाट चढतो, बटण चुकलं की घसरतो. घसरला की पुजाच्या आईचा, भिकाबाईचा आवाज येतो, "काहून पडला रे लेकरा? ऊठ, मी हाय ना." बाजारात भाजी विकता विकता ती सहज बोलून गेली होती आणि पुजानं ते मोबाईलवर टिपलं होतं. मागचा गलकासुद्धा पुजानं तसाच ठेवला होता, कारण लहानपणी पडल्यावर तिला आई अशीच ऐकू यायची.

माल खपला तो या एका वाक्यावर. पण कसा? पुण्याच्या पोरांनी व्हिडिओ काढले. कुणी डोक्यावर पदर घेऊन "काहून, काहून" करत लोळत होता, कुणी मित्राला मुद्दाम पाडत होता. लाखो लोक हसले आणि डब्या हातोहात गेल्या. पुण्यात विकायला माल उचलणाऱ्या योगेश सरांचा फोन आला, "पुढच्या मालात अशी आणखी वाक्यं टाका. अगदी गावठी. आईंना म्हणावं, जरा ठसक्यात."

"बराबर बोलून राहिला तो," साजीद म्हणाला. "हसले त हसले. घेऊन त राहिले ना? तुला काहून तकलीफ?"

त्याचं चुकत नव्हतं, म्हणूनच पुजाला जास्त राग आला. यश तिलाही हवंच होतं. पहिले व्हिडिओ पाहून ती स्वतःच खदखदून हसली होती. मग लाज वाटायला लागली, आणि ती त्या पोरांची, आईची की आपलीच, हे काही केल्या कळेना.

नवी वाक्यं बोलायला बोलावलेली भिकाबाई दुपारी आली. टोपली दाराशी ठेवून म्हणाली, "कुठं बोलायचं?"

व्हिडिओंचं आईला कळू द्यायचं नाही असं पुजानं ठरवलं होतं. भिकाबाईच म्हणाली, "ते पोरगं पदर घेऊन लोळतंय, त्याच्यासाठीच ना? बाजारात शेजारी बसणाऱ्या मिनानं दाखवलं मोबाईलवर."

"याडी," पुजा आईला म्हणाली, "ते कौतुकानं हसून राहिले."

"व्हय. असंल."

साजीदनं माईक पुढं सरकवला. "मावशी, बैल पडला समजा. बोला."

भिकाबाई ताठ बसली. तिनं घसा खाकरला. शाळेचं तोंड न पाहिलेली ती बाई बातम्या सांगणाऱ्यांसारखं एकेक अक्षर तोलून बोलली, "आपला बैल पडला आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करावा."

मग तिनं लेकीकडं पाहिलं. "आता न्हाई ना हसणार तुझ्या आईला?"

पुजानं माईक बंद केला. "न्हाई याडी," ती म्हणाली. योगेश सरांना आता काय पाठवायचं, तिला सुचेना. जो आवाज विकला होता, तो आता आईपाशीही उरला नव्हता.