मोठ्या ओहोटीचा दिवस

पहाटं दलसू म्हातारा गेला. त्याच्या बायकोनं, ओकबुननं, त्याच्या नाकाशी हात धरला. रडू फुटणार, तेवढ्यात तिनं तोंडात बाही कोंबली.

बेटावर मढं पडलं की तीन दिवस कुणी समुद्रात पाय घालायचा नाही, ही वाडवडलांची रीत. आणि आज हिवाळ्यातली शेवटची मोठी ओहोटी. आज खडक खरवडून साफ केले नाहीत तर त्यांवर मियोकचा, म्हणजे खायच्या समुद्रशेवाळाचा, पाला धरत नाही. आमचं पीक म्हणायचं तर तेवढंच. ते बुडालं की अकरा घरं उपाशी.

पण माणूस गेल्या गेल्या त्याचा अंगरखा हलवून तीनदा नाव पुकारावं लागतं. नाहीतर जीव भटकतो म्हणतात.

"अवो, येवढं पानी जाऊ द्या," ती मढ्याला म्हणाली. "मग मारते हाका. लांब जाऊ नगा."

बाहेरून शेजारची मालजा ओरडली, "वैनी, आटपा की. पानी काय तुमच्यासाठी थांबतंय व्हय?"

खडकावर वारं नुसतं सोलून काढत होतं. खरवडता खरवडता मालजानं विचारलं, "भावजी कसं हायती?"

"निजल्यात."

"निजू द्या."

लोक म्हणतील, काय दगडाच्या काळजाची बाई. म्हणू देत. तिची बोटं रक्ताळली तरी ती थांबली नाही.

सांजंला पाणी चढलं. ओकबुन अंगरखा घेऊन अंगणात उभी राहिली. चाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नव्हतं. उत्तरेला तोंड करून तिनं तीनदा हाक मारली, "दलसू."

मालजा कुंपणाशी आली. "पहाटंच गेलं न्हवं?"

"तुला कसं ठावं?"

"येवढ्या थंडीत आजाऱ्याच्या घरात चूल पेटली न्हाई. समद्यांनीच बघितलं, वैनी."

"मग मला इचारलंस कशाला, कसं हायती म्हणून?"

मालजानं मान खाली घातली. "समद्यांनीच इचाराय लावलं. तुमी खरं बोलला असता तर काम मोडाय लागलं असतं. निजल्यात म्हणाला, तवा कुठं आमच्या जीवात जीव आला."

ओकबुन तिच्याकडं बघत राहिली. मग अंगरखा छातीशी धरून तिनं चौथ्यांदा हाक मारली. रीत तीन हाकांचीच होती.