दुसरी केबल

"निघाली! केबल निघाली! आणि घड्याळ बघा, चालूच आहे!"

फुलबाजारातली साठ-सत्तर माणसं मशीन-खोलीच्या काचेला नाकं लावून उभी होती. आत बाधा उतरवणारे लाय गुरुजी. अंगात सोनेरी जाकीट, एका हातात दिशांचे दोष शोधायचं होकायंत्र, दुसऱ्या हातात स्विचमधून उपसलेली निळी केबल. स्विच म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात ती पेटी. तिच्यावर गुरुजींनी लाल शाईने मंत्र खरडलेला पिवळा कागद चिकटवला होता. आणि तिकडे दालनात लिलावाचं ते मोठं घड्याळ, ज्यात भाव वरून खाली उतरत जातो, खुशाल चाललं होतं. सकाळचा लिलाव आटोपला होता, घड्याळ फक्त चाचणीपुरतं लावलं होतं. तरी लोकांनी हात जोडले.

"विद्या आहे बाबांनो, विद्या!" गुरुजी गरजले. "केबलमधून वाहतं ते यंत्राचं रक्त. मी ते हवेतून वाहवलंय! या यंत्राला वाघाची बाधा होती. वाघ बाहेर काढा आणि मग पाहा."

वाघ म्हणजे मी. आ-छिन. बाजारातल्या संगणकांच्या जाळ्याची देखभाल करणारी, आणि बारा वर्षांना बारा प्राण्यांची नावं असतात त्यातल्या वाघाच्या वर्षी जन्मलेली. आमच्याकडे वाघाच्या वर्षातल्या माणसाला नवरीच्या खोलीत जाऊ देत नाहीत, ओल्या बाळंतिणीजवळ तर मुळीच नाही. आता मशीन-खोलीतही नाही! महिन्यात तीनदा घड्याळ भर लिलावात बंद पडलं, फुलवाल्या बाओ-चू मावशींची लिली विकली न जाताच उमलून वाया गेली, म्हणून चुओ मॅनेजरांनी गुरुजींना आणलं. मला हुकूमही झाला होता: किल्ली द्यायची आणि उद्यापासून बादल्या धुवायच्या शेडमध्ये जायचं. बारा वर्षं राबले हो मी त्या खोलीत!

आणि घड्याळ बंद का पडत होतं? मशीन-खोलीतून दालनाकडे एकच केबल जात होती, तीही शीतगृहाच्या दारापाशी जमिनीवरून. फुलांच्या ढकलगाड्या दिवसभर तिच्यावरून जायच्या. वर्षभर बोंबलत होते मी, दुसरी केबल द्या म्हणून. शेवटी करडी मिळाली, परवा ती छतावरून नेली. नुसती खुपसून भागत नाही. तसं केलं तर माहिती गोल गोल फिरत बसते आणि सगळं गुदमरतं. दोन्ही टोकांच्या स्विचना सांगावं लागतं, की बाबांनो, या दोन केबल म्हणजे एकच वाट. मग त्या ओझं वाटून घेतात, आणि एक गेली तर दुसरी सगळं वाहते. काल होकायंत्र घेऊन फिरताना लाय गुरुजींनीच मला गोड आवाजात विचारलं होतं, "पोरी, दोन कशाला गं?" आणि मी शहाणी! चहा पाजून समजावून सांगितलं.

किल्ली मुठीत आवळून मी आत घुसले. चुओ मॅनेजर गुरुजींच्या शेजारीच उभे होते.

"साहेब, किल्ली देते. आधी तो कागद काढून दाखवा."

"आली वाघीण!" कुणीतरी खिदळलं.

गुरुजी लोकांकडे वळून हसले. "हिने स्वतः यंत्रावर खाऊची हिरवी पुडी ठेवलीय, यंत्राने गुणी बाळासारखं वागावं म्हणून. तुझी ती श्रद्धा आणि आमचं ते ढोंग का गं?"

माझे कान तापले, कारण ते खरं होतं. आमच्या धंद्यात सगळेच ठेवतात, कारण त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'गुणी बाळ'; आणि हिरवीच पुडी, कारण यंत्राचा हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक, आणि मुदत न संपलेली. गंमत म्हणून. आणि थोडी भीतीपोटीही, खोटं कशाला बोलू? मी पुडी उचलली, टर्रकन फाडली आणि मॅनेजरांपुढे धरली. "घ्या. नारळाच्या चवीची आहे." दोन कुरकुरे मीही तोंडात टाकले. मग कागद ओढून काढला.

घड्याळ चालूच.

"शक्ती आता यंत्रात मुरलीय," गुरुजी म्हणाले.

"मुरू द्या. कागद परत चिकटवा, एक नाही, दहा चिकटवा. आणि आता ही शेजारची करडी केबलही ओढा."

गुरुजींनी खरंच दहा कागद डकवले, पण करड्या केबलकडे त्यांचा हात पुढे होईना. "वाघ इतक्या जवळ असताना..."

"बरं, मी फाटकाबाहेर जाते. मावशी, तुम्ही तर बैलाच्या वर्षातल्या. तुमच्या लिलीचं नुकसान झालंय, तुम्हीच ओढा."

मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. तिथून घड्याळ दिसतं. ते थांबलं! दहा पिवळे कागद, वाघ शंभर पावलं लांब, आणि तरी ठप्प. "आता कुठलीही एकच परत लावा, मावशी!" मी ओरडले. काही क्षण काहीच होईना. मग भाव पुन्हा उतरू लागला.

मी परतले तेव्हा गुरुजी सामान गुंडाळत होते आणि मावशी करडी केबल त्यांच्या नाकासमोर नाचवत होत्या. "मघाशी ही का नाही ओढलीत?"

"त्याचा मुहूर्त वेगळा..."

"खड्ड्यात गेला मुहूर्त! फसवता होय आम्हाला?"

मॅनेजर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "किल्ली राहू दे तुझ्याकडे. फक्त या खोलीत पूजा असेल त्या दिवशी जरा बाहेर थांबत जा. लोकांच्या समाधानासाठी. काय बिघडतं?"

"बिघडतं! पूजेच्या दिवशीही मी इथेच उभी राहणार. चालत नसेल तर पूजा बाहेर करा."

बाओ-चू मावशी खाली बघत म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण वाघाच्या वर्षातली. नातू झाला तेव्हा सुनेसाठी, बाळंतिणीला देतात ती तिळाच्या तेलातली कोंबडी घेऊन आली होती. मी तिला दारातूनच परत पाठवलं गं. सात महिने झाले, बोलत नाही माझ्याशी." त्यांनी तिथेच फोन लावला. "मी बोलतेय, ठेवू नकोस. आजच ये. बाळ रांगायला लागलंय, तुझ्याच मांडीवर देणार आहे." आणि त्या सगळ्यांसमोर रडल्या.

वाचकहो, चमत्कार दाखवणाऱ्याच्या पाया पडण्याआधी त्याला दुसरीही केबल ओढायला लावा. आणि अमुक माणूस अशुभ आहे, त्याला बाहेर काढा, असं कुणी सांगितलं तर पुरावा मागा. तो मिळेपर्यंत दार उघडं ठेवा.