अजून एक मिनिट

मी एक जुनी पितळेची घंटा आहे. मुठीएवढी, टेबलावर ठेवायची. डोक्यावर टपली मारली की टण्ण करते, एवढीच माझी विद्या. माझ्याच भट्टीतल्या थोरल्या बहिणी देवाच्या दारी गेल्या. त्या माणसांना बोलावतात. माझ्या वाट्याला माणसांना थांबवणं आलं. पण मित्रांनो, देवाने नेमून दिलेल्या कामाला नावं ठेवू नयेत, म्हणून मी कधी कुरकुरले नाही.

विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात एक बाई शिकवत. दर शुक्रवारी बाकं समोरासमोर लावून त्या वर्गाची सभा भरवत. पाणी, रस्ते, दवाखाने; सरकारने कोणतं धोरण धरावं, यावर प्रत्येकाने तीन मिनिटं बोलायचं. कोणी मंत्री होई, कोणी झाडूवाला. मिनिटं सगळ्यांना तीनच. मग बाई मला वाजवत. पण वाजवून झालं की सभेला विचारत, "अजून एक मिनिट द्यायचं का?" हात वर झाले की बोलणाऱ्याला मिनिट मिळे.

एका मुलाला पोरं 'मौनीबाबा' म्हणत. पहिल्यांदा उभा राहिला तो तीन मिनिटं नुसता कागद चुरगाळत राहिला. मी वाजले.

"बाई, फारच लांबलं हो भाषण!" मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग खो खो हसला.

बाईंनी शांतपणे विचारलं, "अजून एक मिनिट द्यायचं का?"

हसणाऱ्यांचेच हात आधी वर गेले. त्या मिनिटात तो बोलला. दवाखान्याच्या रांगेत आजारी आईचा नंबर आला आणि खिडकी बंद झाली, एवढंच. 

पुढे बऱ्याच वर्षांनी हाच मौनीबाबा विद्यापीठाचा कारभार पाहू लागला. इकडे बाईंच्या विभागात मुलांची संख्या रोडावली. विभाग ठेवावा की बंद करावा, यासाठी बैठक बसली आणि अध्यक्ष तोच! आदरापोटी त्याने बाईंकडून मलाच मागून नेलं. केवढी फुशारले होते मी!

बाई बोलायला उठल्या. केस पिकलेले, हातात कागद नाही. मुलं किती, खर्च किती, या आकड्यांना उत्तरं देण्यातच तीन मिनिटांचा वेळ सरत आला. मग आवाज जरा खाली आला. "आणि ज्यांना बोलताच येत नाही, अशी मुलं आमच्याकडे..."

टण्ण.

"वेळ संपला, बाई," तो हसून म्हणाला. "नियम तुमचाच!"

सगळे हसले. बाई उभ्याच राहिल्या, त्याच्याकडे बघत. वाट बघत होत्या हो त्या! त्याने पुढचं नाव पुकारलं. बाई खाली बसल्या. विभाग बंद झाला.

बाई सामान आवरायला आल्या, त्या दिवशी तो मला घेऊन वर्गात आला.

"बाई, तुमची घंटा."

"राहू दे रे तुझ्याकडे. वाजवायला छान शिकलास." दारापाशी त्या थांबल्या. "वाजवल्यावर काय विचारायचं, तेवढं राहिलं बघ."

त्या जिना उतरून गेल्या. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ठरावावर सह्या कधीच होऊन गेल्या होत्या. त्याने मला बाकावर ठेवलं, हळूच वाजवलं आणि पुटपुटला, "अजून एक मिनिट द्यायचं का?"

हात वर करायला तिथे कोणी नव्हतं.

आता तो मला रोज स्वतः पुसतो. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल, अंगावर धूळ बसली तरी चालेल. पण कोणाला थांबवलंत, तर एकदा त्याच्या तोंडाकडे बघा. काही सांगायचं राहिलंय का, विचारा. माझ्या पोटात बाईंचं ते अर्धं वाक्य अजून घुमतं आहे.