चावीला लावलेला कान

"जयभीम, धर्मपाल भाऊ! पाणी पाठवता का नुसत्या बातम्याच पाठवता गल्लीले?"

भागीरथाबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन आमच्या दारात उभी. मागे अर्धी गल्ली! आमच्या अकोल्यात नळ काही रोज येत नाही. पाळी चुकली की पुढच्या पाळीपर्यंत कोरड्या ड्रमांकडे बघत बसा. आणि गल्लीचं पाणी सोडणारे कोण? तर माझे बाबा.

बाबा गडबडून उठले. एका कानात इयरफोन तसाच. "म्या तं वॉल खोलला होता, बाई."

"खोलला असन ना. आलं नाही पन!"

वॉल, म्हणजे रस्त्यातला पाण्याचा व्हॉल्व्ह, खोलला की बाबा त्यावर लांब लोखंडी चावी उभी धरतात आणि तिच्या वरच्या टोकाला कान लावतात. खाली पाणी धावतंय की नुसती हवा फुसफुसतेय, ते त्यांना कळतं. हवा असली तर ती निघून जाईपर्यंत ते हलत नाहीत. त्या दिवशी एक कान चावीला होता आणि दुसऱ्यात बातम्या. हवेलाच पाणी समजून ते पुढच्या गल्लीत निघून गेले.

हे सगळं धम्मदीपदादा क्लाससाठी अमरावतीला राहायला गेला तेव्हा सुरू झालं. एकदा टीव्हीवर महामार्गावरची उलटलेली बस दाखवत होते आणि नेमका दादाचा फोन बंद! आमचे दादासाहेब क्लासमध्ये बसले होते. पण तोवर बाबांनी तीच बस इतक्या वेळा पाहिली की ती त्यांच्या डोक्यातून निघालीच नाही. मग पूर, आग, कुठल्या तरी देशातली लढाई, सगळंच आमच्या घरात राहायला आलं. जेवताना बाबांचा घास हातातच राहायचा.

"आइकता का वो," आई म्हणायची, "तुमी पाह्यल्यानं ते लढाई थांबनार हाय का?"

"अन् नाही पाह्यलं अन् काही झालं तं?" बाबा म्हणायचे.

घागरी रिकाम्या राहिल्या त्याच संध्याकाळी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून फोन आला. बाबा ठेक्यावर आहेत. आणखी एक तक्रार आली तर घरीच बसा म्हणाले.

मी नुकतंच शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस पटकावलं होतं. माझ्याकडे तेव्हा जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं. पुढच्या पाळीला मी बाबांसोबत निघाले आणि वॉलपाशी पोचताच हात पुढे केला.

"बातम्या माह्याकडं द्या. काही झालं तं मी सांगीन ना! तुमी फक्त पाणी आइका."

"तू सांगशीन? पक्कं?"

"बाबासाहेबाची शपथ!"

ते हसले. कितीतरी दिवसांनी. इयरफोन माझ्या कानात घालून त्यांनी फोन माझ्या हातात दिला, जसं काही तान्हं बाळ देत आहेत. मग चावी फिरवली, वाकले, कान लावला.

"काय म्हनून राह्यले?"

"ऊन वाढनार म्हन्ते."

"ते तं वाढतेच."

बाबांनी डोळे मिटले. आणि माझ्या कानात बातम्या सांगणारी बाई म्हणाली, "आत्ताच हाती आलेली बातमी. अमरावतीजवळ..." पुढे साबणाची जाहिरात लागली.

शनिवार. दादा शनिवारीच घरी यायचा.

"आता काय म्हन्ते?" बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

मी तोंड उघडलं. खाली अजून हवाच होती. ती फुसफुस मलाही ऐकू येत होती.

"काही नाही, बाबा. जाहिरात."

त्यांच्याकडे पाठ करून मी दादाला मेसेज टाकला. 'कुठं आहेस?'

"आलं!" बाबा ओरडले. त्यांचा चेहरा असा झाला होता, जसं कुणी दूरवरून त्यांना नावाने हाक मारली. गल्लीत घागरी वाजू लागल्या. भागीरथाबाईचा आवाज सगळ्यांत वर. "आलं वो, धर्मपाल भाऊ, आलं!"

बाबा तरी चावीला कान लावून तसेच वाकलेले होते. जाहिरात संपतच नव्हती. मेसेजवर अजून एकच टिक होती.