बेरिलची जागा

कॅनडातल्या लुनेनबर्गजवळच्या आमच्या बंदरगावात बेरिल निकल आणि मी चर्चच्या गायकवृंदात एकोणीस वर्षं शेजारी उभ्या राहिलो. ती शाळेत गणित शिकवायची, मी टपाल कचेरीत होते. आवाज तिचा, मी तिच्या आधाराने गायचे.

माझा नवरा हॅरिस गेला, त्या हिवाळ्यात मी त्याचा राखाडी मफलर वापरायला लागले. दाढी झाल्यावर तो जे सुवासिक पाणी लावायचा त्याची बाटली अर्धी उरली होती. तालमीला आणि रविवारी निघताना मी मफलरवर चार थेंब टाकायचे. मान खाली घातली की तो जवळ असल्यासारखा वाटायचा.

काही आठवड्यांतच बेरिल मागच्या रांगेत गेली, मग दाराजवळ. मध्येच खोकायची, बाहेर जायची. एकदा मला बाजूला घेऊन तिने विचारलं, की मफलर घरी ठेवशील का, त्या वासाने छाती भरते. मला ते फार झोंबलं.

"एकोणीस वर्षं तुला काही झालं नाही," मी म्हटलं. "आताच बरी नाजूक झालीस."

ती परत दाराजवळ जाऊन उभी राहिली. नंतर बाकीच्या बायकांशी बोलताना, तिचे हे मनाचे खेळ आहेत, असं मीही म्हणाले.

फेब्रुवारीतली तालीम वेदीमागच्या लहान खोलीत असायची. थंडीमुळे खिडक्या बंद. आम्ही बाराजणी, कुणाचं अत्तर, कुणाच्या केसांवरचा फवारा, भिंतीच्या सॉकेटला लावलेली सुगंधाची डबी, आणि माझा मफलर. दुसऱ्या कडव्याला बेरिलचा आवाज तुटला. तिने श्वासाचा पंप काढून दोनदा ओढला, पण धाप थांबेना. ओठ निळे पडले. मी धावत जाऊन तिला धरलं, तर तिने दोन्ही हातांनी मला लोटलं. अशा वेळीही हिचा राग जात नाही, असं माझ्या मनात आलं. आजही ते आठवलं की लाज वाटते.

ती चार दिवस इस्पितळात होती. मी भेटायला गेले, तर नर्सने दारातच अडवून कोट आणि मफलर बाहेर ठेवायला लावला. मग तिने शांतपणे समजावलं. दमा असलेल्याच्या श्वासनळ्या अशा वासांनी आवळतात. वास चांगला की वाईट, याचा संबंध नसतो. बंद खोलीत प्रत्येकाचा थोडा थोडा मिळून तो साचत जातो, आणि वर सुगंधी फवारा मारला तर त्यात भरच पडते.

बेरिल उशीला टेकून बसली होती.

"तो वास हॅरिसचा आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं गं," ती म्हणाली. "म्हणून तर तुला सांगायला इतके दिवस लागले."

मला तिच्याकडे बघवेना.

मार्चमध्ये चर्चच्या सभासदांची सभा झाली. इमारतीत कुणी सुगंध लावून येऊ नये, लिलीची फुलं बाहेर पायऱ्यांवर ठेवावीत, हात धुवायचा साबण बिनवासाचा असावा, असं पाळकबाईंनी सुचवलं. लॉइड आयझेनहावर म्हणाला, की उद्या आंघोळीलाही बंदी घाला. लोक हसले.

मी उठले.

"लॉइड, ती निळी पडली तेव्हा तू नव्हतास," मी म्हटलं. "मी होते. तिने आधी सांगितलं होतं, तरी मी ऐकलं नव्हतं."

हसणं थांबलं. ठराव मंजूर झाला. लॉइडनेही हात वर केला, सगळ्यांत शेवटी.

मफलर मी तीनदा धुतला. लोकरीतला वास गेला नाही, म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत घालून तो अंगणातल्या शेडमध्ये ठेवला. फार वाटलं तर तिथे जाऊन झाकण उघडते आणि परत येताना तोंड-हात धुते.

बेरिल मे महिन्यात परतली, माझ्या शेजारी. पण तिला आता लांब सूर धरवत नाही. एक कडवं गाते आणि खाली बसते. पुढचं मला एकटीला ओढावं लागतं, कसंबसं.

त्याच महिन्यात मर्ल हेब आला. हा म्हातारा पूर्वी घरं रंगवायचा. बायकोच्या अंत्यविधीपासून चर्चमध्ये दिसला नव्हता. देवावर रुसलाय, असं आम्ही धरून चाललो होतो. तो शेवटपर्यंत बसला. बाहेर पायऱ्यांवर मी विचारलं, सात वर्षं होतास कुठे?

"गाडीत," तो म्हणाला. "इथेच, काच खाली करून. आत त्या वासांनी धाप लागायची. गाणं तेवढं ऐकू यायचं."